कॅम्परव्हॅनने किनारा फिरायचा असेल तर: पहिल्या सफरीची तयारी

समुद्रकाठच्या रस्त्याने कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन जायचं ठरलं की बहुतेक जण सगळ्यात आधी नकाशा उघडतात, सुरुवातीपासून शेवटापर्यंतचं अंतर बघतात आणि त्याला सुट्टीच्या दिवसांनी भागतात. उत्तर येतं रोजचे अडीचशे-तीनशे किलोमीटर, आणि ते फार वाटत नाही. पण किनाऱ्याचा रस्ता प्रत्येक खाडीला वळसा घालतो, कड्याच्या अंगाने चढतो-उतरतो, गावात शिरला की अरुंद होतो. त्यात गाडी सहा-सात मीटर लांब, तीन टनांच्या आसपास वजनाची, मागे कपाटात भांडी खडखडताहेत. ताशी चाळीस-पन्नासची सरासरी पडली तरी चांगली म्हणायची. शिवाय गाडी चालवणाऱ्याला समुद्र बघता येत नाही. तो बघायचा तर थांबावंच लागतं.

म्हणून नव्याने निघणाऱ्यांना माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो. सफर मुक्कामापासून उलटी आखा. रात्र कुठे काढायची, तिथे गाडीत झोपायला परवानगी आहे का, पाणी भरता येईल का, सांडपाणी ओतता येईल का, उजेड असताना पोहोचता येईल का, हे आधी. मग त्यात बसेल तेवढाच रस्ता. पुढचं सगळं याच क्रमाने सांगतो.

आधी मुक्काम, मग रस्ता

दिवसाला जास्तीत जास्त दीडशे किलोमीटर धरा. पहिल्या दोन दिवसांत त्याहूनही कमी, कारण गाडीची रुंदी अंगवळणी पडायला तेवढा वेळ लागतो. संध्याकाळी चार-पाचच्या सुमाराला मुक्कामी पोहोचायचं हा नियम करा. अंधारात अनोळखी जागी मोठी गाडी मागे घेणं, उताराचा अंदाज घेणं, नळ शोधणं ही कामं दुप्पट अवघड होतात. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकाच जागी दोन रात्री राहा. नाहीतर रोज सकाळी घर आवरायचं आणि रोज संध्याकाळी मांडायचं, यातच सुट्टी संपते.

अंतर कसं फसवतं याचं उदाहरण स्कॉटलंडचा नॉर्थ कोस्ट ५००. इन्व्हरनेसहून निघून उत्तरेच्या किनाऱ्याने फिरून पुन्हा इन्व्हरनेसला येणारा हा वळसा साधारण ८३० किलोमीटरचा. हमरस्त्यावर एवढं अंतर एका दिवसात कापणारे लोक आहेत. इथे आठवडा कमी पडतो, कारण बराच भाग एकेरी रुंदीचा आहे, समोरून गाडी आली की बाजूच्या रुंद जागेत थांबून वाट द्यायची. आयर्लंडचा वाइल्ड अटलांटिक वे तर जवळजवळ अडीच हजार किलोमीटर. पहिल्याच सफरीत तो पूर्ण करायच्या भानगडीत पडू नका. एखादा तुकडा निवडा आणि तोच नीट फिरा.

आता दिशा. फार कमी जण याचा विचार करतात, आणि फरक मात्र मोठा पडतो. समुद्र तुमच्या बाजूच्या लेनला लागून हवा. मग दृश्य मधल्या वाहतुकीआड जात नाही आणि थांब्यावर वळताना समोरून येणाऱ्या गाड्या ओलांडाव्या लागत नाहीत. डावीकडून गाडी चालवण्याच्या देशात समुद्र डाव्या हाताला ठेवायचा, उजवीकडून चालवण्याच्या देशात उजव्या. ऑस्ट्रेलियाचा ग्रेट ओशन रोड दक्षिण किनाऱ्यावर आहे आणि तिथे डावीकडून चालवतात, म्हणून त्याच्या पूर्व टोकाच्या टॉर्कीहून पश्चिमेला जावं. (पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, बहुतेक काम कुदळ-फावड्याने करून, आपल्या मृत साथीदारांच्या स्मरणार्थ हा रस्ता बांधला. तिथल्या एखाद्या थांब्यावर उभं राहिलात तर कड्यावर नजर टाका, म्हणजे त्या कामाची कल्पना येते.) कॅलिफोर्नियाचा हायवे १ पश्चिम किनाऱ्यावर आणि वाहतूक उजवीकडून, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेला. बेटाला पूर्ण फेरी मारायची असेल तर डावीकडून चालवण्याच्या देशात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, उजवीकडच्या देशात, जसं आइसलँडमध्ये, उलट.

याला एक अपवाद आहे. कड्याच्या कडेने चालवताना पोटात गोळा येत असेल तर मुद्दाम उलट्या दिशेने जा आणि डोंगराकडची लेन घ्या. यात कमीपणा काही नाही. घाबरलेला चालक मध्यरेषेकडे सरकत जातो आणि तेच धोक्याचं.

निघण्याआधी आणि निघाल्यावरही रस्ता उघडा आहे का ते अधिकृत ठिकाणी बघत राहा. किनाऱ्याचे रस्ते खचतात. कॅलिफोर्नियात याच हायवे १ वर मड क्रीकला २०१७ च्या मे महिन्यात दरड कोसळली आणि तो भाग २०१८ च्या जुलैपर्यंत बंद होता. अशा ठिकाणी पर्यायी रस्ता म्हणजे डोंगर ओलांडून शेकडो किलोमीटरचा फेरा असू शकतो, म्हणून एक दिवस मोकळा ठेवलेला बरा.

हंगामाबद्दल थोडक्यात: ऐन सुट्टीच्या आधीचा किंवा नंतरचा महिना निवडा. जागा मिळते, रस्ते मोकळे असतात, दिवसही पुरेसा मोठा असतो. अगदी ऑफ-सीझनला मात्र बऱ्याच कॅम्पसाइट बंद असतात आणि पाण्याचे नळही बंद करून ठेवलेले असतात.

गाडी कोणती घ्यायची

दोन माणसांसाठी मोठी व्हॅन, ज्यात उभं राहता येतं आणि शौचालय आतच आहे, ती मला सगळ्यात सोयीची वाटते. छत वर उघडणाऱ्या लहान व्हॅन चालवायला हलक्या असतात, गावातल्या गल्ल्यांत शिरतात आणि उंचीच्या अडसराखालूनही अनेकदा जातात. पण सलग दोन दिवस पाऊस लागला की त्यात कोंडल्यासारखं होतं आणि जोराच्या वाऱ्यात ते कापडी छत उघडं ठेवता येत नाही. मागे घरासारखी खोली बांधलेलं मोटारहोम चार जणांना लागतंच, मात्र त्याची रुंदी अरुंद किनारी रस्त्यावर सतत जाणवते.

जाहिरातीत ‘चार जणांसाठी’ लिहिलेलं असेल तर दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: झोपायच्या जागा किती आणि सीटबेल्ट असलेल्या जागा किती? हे आकडे सारखे असतीलच असं नाही. गाडी धावत असताना मागच्या पलंगावर लोळणं धोक्याचं आहे आणि अनेक देशांत बेकायदाही.

युरोपात साध्या कारच्या परवान्यावर साधारणपणे ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. हे वजन भरलेल्या गाडीचं. शंभर लिटर पाणी म्हणजेच शंभर किलो. त्यात माणसं, सामान, सायकली धरल्या की मर्यादा चटकन गाठली जाते. परदेशात चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याच देशातून, निघण्याआधी काढावा लागतो आणि मूळ परवानाही सोबत ठेवावा लागतो.

भाड्याचा करार आणि ताबा

करार वाचताना भाड्याच्या आकड्यापेक्षा विम्यातल्या अपवादांकडे लक्ष द्या. छताचं नुकसान, गाडीच्या पोटाखालचं नुकसान, बाजूला उघडणारा मांडव, टायर आणि काच या गोष्टी बऱ्याच पॉलिसींतून वगळलेल्या असतात. म्हणजे कॅम्परव्हॅनला ज्या इजा हमखास होतात नेमक्या त्याच. अपघात झाल्यास सुरुवातीची किती रक्कम तुमच्या खिशातून जाणार, किलोमीटरची मर्यादा आहे का, कच्च्या रस्त्यावर आणि फेरीबोटीवर नेण्याची मुभा आहे का, गाडी दुसऱ्या शहरात सोडली तर वेगळा आकार आहे का, हे लेखी घ्या.

ताबा घेताना घाई करू नका. दाखवणाऱ्या माणसाला रोज हीच गोष्ट दहादा सांगायची सवय असते आणि तो भराभर बोलतो. मोबाइलवर त्याचं सगळं प्रात्यक्षिक चित्रित करा. रात्री हीटर कसा लावायचा हे विसरलात तर तेच कामाला येतं. गाडीच्या चारही बाजू, छताच्या कडा, चाकं, आतली कपाटं यांचे फोटो त्याच्यादेखत काढा. मग स्वतः करून बघा: गॅस पेटवा, पंप चालू करा, पलंग उघडून परत मिटवा, शौचालयाची टाकी एकदा बाहेर ओढून आत बसवा.

आणि गाडीला किती तोंडं आहेत ते बोट लावून विचारा. डिझेलचं एक, पिण्याच्या पाण्याचं एक, अनेक नव्या डिझेल गाड्यांना अ‍ॅडब्लूचं निळ्या टोपणाचं तिसरं (हे डिझेलचा धूर स्वच्छ करणारं वेगळं द्रव्य). पाणी डिझेलच्या टाकीत किंवा अ‍ॅडब्लू डिझेलमध्ये गेलं तर गाडी टो करूनच न्यावी लागते आणि तो खर्च विमा सहसा देत नाही. असं झालंच तर किल्ली फिरवू नका. इंजिन सुरू केलं नाही तर नुकसान पुष्कळ कमी होतं.

शेवटी गाडीची उंची, रुंदी आणि लांबी मीटरमध्ये एका कागदावर लिहून चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवा. उंच गाड्या पावणेतीन-तीन मीटरच्या घरात असतात. किनाऱ्यावरच्या पुष्कळ पार्किंगच्या तोंडाशी दोन-सव्वादोन मीटरवर आडवी दांडी असते, ती मुद्दाम अशाच गाड्यांना अडवण्यासाठी. फेरीबोटीचं तिकीटही याच मापांवर निघतं.

चालवताना

पहिला अर्धा तास मोकळ्या पार्किंगमध्ये घालवा. मागचं चाक आणि गाडीचं टोक यांच्यात बरंच अंतर असतं, त्यामुळे तुम्ही उजवीकडे वळलात की मागचा भाग डावीकडे झुलतो आणि शेजारच्या खांबाला लागतो. दोन-चार डबे उभे करून हे एकदा बघा, मग कायमचं लक्षात राहतं. वळताना थोडं पुढे जाऊन मग चाक फिरवायचं. मागे घेताना दुसऱ्या माणसाने खाली उतरायचं, आरशात दिसेल अशा ठिकाणी उभं राहायचं आणि वर छताकडेही बघायचं. झाडाच्या फांद्या मागच्या कॅमेऱ्यात दिसत नाहीत.

उतारावर ब्रेक धरून ठेवू नका. चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनच गाडीला आवरतं. ब्रेक तापून जळका वास यायला लागला तर थांबा आणि गार होऊ द्या. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅपलक्रॉसला जाणारा बेअलाख ना बा हा घाट समुद्रसपाटीपासून थेट ६२६ मीटरवर चढतो आणि नवख्यांनी व मोठ्या गाड्यांनी तो टाळावा अशी पाटीच पायथ्याशी आहे. अशा पाट्या गांभीर्याने घ्या. किनाऱ्याने जाणारा दुसरा रस्ता बहुतेक वेळा असतोच.

मागे गाड्यांची रांग लागली की जागा बघून बाजूला व्हा आणि त्यांना जाऊ द्या. तुम्ही सुट्टीवर आहात, पण त्या रांगेत कोणी कामावर निघालेलं असतं, कोणी दवाखान्यात. एकेरी रस्त्यावरच्या रुंद जागा वाट देण्यासाठी असतात. तिथे फोटोसाठी किंवा चहासाठी गाडी लावून ठेवणाऱ्यांमुळेच किनाऱ्यावरची गावं कॅम्परव्हॅनवाल्यांवर वैतागलेली आहेत.

रात्र कुठे काढायची

‘समुद्रासमोर गाडी लावली आणि झोपलो’ अशी छायाचित्रं बघून निघालेल्यांची इथे निराशा होते, म्हणून स्पष्ट सांगतो. बहुतेक लोकप्रिय किनाऱ्यांवर वाटेल तिथे झोपायला बंदी आहे. नॉर्वे आणि स्कॉटलंडमध्ये मोकळ्या निसर्गात फिरण्याचा आणि तंबू ठोकण्याचा हक्क आहे, पण तो पायी फिरणाऱ्यांचा आहे, मोटारगाड्यांना लागू नाही. आइसलँडमध्ये कॅम्परव्हॅनमध्ये झोपायचं तर कॅम्पसाइट हवी किंवा जमीनमालकाची परवानगी. न्यूझीलंडमध्ये काही सार्वजनिक जागी मोफत मुक्काम करता येतो, पण त्यांपैकी बऱ्याच जागा फक्त ‘स्वयंपूर्ण’ प्रमाणपत्र असलेल्या गाड्यांसाठी आहेत. म्हणजे गाडीत तीन दिवसांचं पाणी आणि तेवढंच सांडपाणी साठवायची सोय हवी. २०२३ च्या कायद्याने त्यासाठी गाडीत पक्कं बसवलेलं शौचालय लागतं, उचलून ठेवायचं सुटं शौचालय आता चालत नाही.

त्यामुळे तीन प्रकारच्या जागा मिसळून वापरा. एक, सगळ्या सोयींची कॅम्पसाइट, जिथे वीज, गरम पाणी, धुण्याचं यंत्र मिळतं. दोन, फक्त मोटारहोमसाठी ठेवलेले साधे तळ. फ्रान्समध्ये त्यांना ‘एर’, जर्मनीत ‘श्टेलप्लाट्झ’ म्हणतात. तिथे गाडी लावायची, पाणी भरायचं, सांडपाणी ओतायचं एवढंच. खुर्च्या-टेबल मांडायला, मांडव उघडायला बहुधा मनाई असते. तीन, एखाद्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या जागेत. दर दोन रात्रींनंतर एक रात्र पहिल्या प्रकारच्या जागी काढली की गाडी आणि माणसं दोन्ही ताजीतवानी होतात. गर्दीच्या हंगामात पहिल्या दोन आणि शेवटच्या रात्रीची जागा आधी राखून ठेवा, मधल्या मोकळ्या सोडल्या तरी चालतं.

जागेवर पोहोचल्यावर आधी पायी फेरी मारा. जमीन ओली आहे का, उतार कुठे आहे, नळ किती लांब आहे ते बघा. गवत भिजलेलं असेल तर पुढची चाकं कडक जमिनीवर राहतील अशी गाडी लावा, कारण बहुतेक व्हॅनना पुढच्याच चाकांतून ताकद मिळते. गाडी सपाट बसवण्यासाठी ठोकळे मिळतात, त्यांवर चाक चढवायचं. टेबलावर पाण्याचा पेला ठेवला की कल कळतो. अगदी सपाट नाही झाली तरी डोकं वरच्या बाजूला येईल एवढं बघा. गॅसवरही चालणारे फ्रिज मात्र गाडी फार कललेली असेल तर नीट थंड करत नाहीत.

पाणी, मैला, गॅस, वीज

खरं कॅम्परव्हॅनचं राहणं इथे आहे, आणि नवख्यांना भीतीही याचीच वाटते. दोन दिवसांत सगळं हाताखालचं होतं.

पाणी जिथे मिळेल तिथे भरून घ्या. आधी नळावरची पाटी वाचा. पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळा असतो आणि शौचालयाची टाकी धुण्याचा नळ वेगळा. दुसऱ्या नळाची नळी कधीही पाण्याच्या टाकीला लावायची नाही. स्वतःची अन्नासाठी योग्य नळी सोबत ठेवलीत तर प्रश्नच मिटतो. पिण्यासाठी मी वेगळा कॅन ठेवतो, टाकीतलं पाणी भांड्यांना आणि अंघोळीला.

बेसिनचं सांडपाणी वेगळ्या टाकीत साठतं. तेही रस्त्याकडेला किंवा समुद्रात सोडायचं नसतं, त्यात साबण आणि तेल असतं. तळावर जमिनीत जाळी असते, तिच्यावर गाडी आणून झडप उघडायची.

शौचालयाची टाकी, म्हणजे कॅसेट, सतरा ते वीस लिटरच्या आसपास असते. दोन माणसांना ती दोन-तीन दिवस पुरते. भरेपर्यंत थांबू नका, भरलेली कॅसेट उचलणं जड जातं. रिकामी करायची रीत अशी. आधी आतून शौचालयाची सरकती झडप बंद आहे याची खात्री करा. बाहेरचं छोटं दार उघडून कॅसेट ओढून काढा, हातमोजे घाला, चाकं असतील तर ओढत न्या. ओतायच्या जागी तोटी बाहेर फिरवा, टोपण काढून बाजूला ठेवा, आणि तोटीचं तोंड खाली झुकल्यावरच हवेचं बटण अंगठ्याने दाबा. ते दाबून धरलं की मैला एका धारेत जातो, गुडगुडत नाही आणि शिंतोडे उडत नाहीत. मग दोन-तीन लिटर पाणी घालून हलवा, पुन्हा ओता. शेवटी मापाने रसायन आणि थोडं पाणी घालून कॅसेट जागेवर बसवा. पाच मिनिटांचं काम आहे. टोपण तिथेच विसरून येणं फार सोपं आहे, तेवढं सांभाळा.

गॅसबाबत ढिलाई चालत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून गाडीच्या तळाला आणि गॅसच्या कप्प्यात भोकं ठेवलेली असतात. ती सामानाने किंवा थंडी लागते म्हणून बुजवू नका. गाडी निघण्याआधी सिलिंडर बंद, पेट्रोल पंपावर बंद, फेरीबोटीवर बंद. थंड किनाऱ्यांवर जाणार असाल तर प्रोपेनचा सिलिंडर घ्या. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचा थांबतो, प्रोपेन मात्र उणे ४२ पर्यंत साथ देतो. ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपणं हा जिवाशी खेळ आहे. जळणातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तो ओळखणारा अलार्म गाडीत आहे का आणि बटण दाबल्यावर वाजतो का, हे ताबा घेतानाच बघा. नसेल तर विकत घ्या.

विजेचं गणित सोपं आहे. राहत्या भागाला वेगळी बॅटरी असते. १०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १,२०० वॉट-अवर. ती जुन्या, शिशाच्या पद्धतीची असेल तर त्यातली निम्मीच वापरायची, नाहीतर बॅटरीचं आयुष्य घटतं. एवढ्यावर दिवे, पंप, मोबाइल आणि फ्रिज मिळून साधारण एक दिवस निघतो. तास-दोन तास गाडी चालवली की ती पुन्हा बरीच भरते. कॅम्पसाइटवर निळ्या प्लगने बाहेरची वीज घेता येते, पण खांबावर किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. २३० व्होल्टवर ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॉटच, आणि पाणी उकळायची साधी विजेची किटली २,००० वॉटची असते. ती लावली की तुमचा फ्यूज पडतो, काही ठिकाणी शेजाऱ्याचाही. अशा जागी किटली गॅसवर ठेवा. वायरचं भेंडोळं पूर्ण उलगडूनच वापरा, गुंडाळलेली वायर तापते.

समुद्राचे नियम

भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात आणि वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे कालची वेळ आज उपयोगाची नाही. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात फार थोडं, मधल्या दोन तासांत मात्र एकूण चढापैकी निम्मं. ओहोटीच्या वेळी वाळूत लांब गेलेल्यांना ‘पाणी एकदम आलं’ असं वाटतं ते यामुळे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर येतं. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत कमी चढतं. काल कोरडी वाटलेली पार्किंगची कडा उधाणात भिजू शकते. वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची रेघ जिथपर्यंत दिसते तिथपर्यंत पाणी येऊन गेलेलं असतं, गाडी तिच्या बरीच वर हवी.

काही रस्ते तर भरतीत बुडतातच. फ्रान्समध्ये न्वारमूतिये बेटाला जाणारा पासाज द्यु ग्वा हा चार किलोमीटरहून लांब रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो, आणि अडकलेल्यांना चढून बसता यावं म्हणून कडेला उंच खांब उभारलेत. इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटाचा रस्ताही तसाच. तिथे पाटीवरची सुरक्षित वेळ संपायला थोडाच अवधी उरला असेल तर निघू नका, समोरचा रस्ता कोरडा दिसला तरी. आणि व्हॅन वाळूवर कधीच उतरवू नका. एवढं वजन वाळूत रुतलं की ओढून काढणारं वाहन येईपर्यंत भरती थांबत नाही.

वाऱ्याचं म्हणाल तर शांत हवेत दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून वाहतात. म्हणून संध्याकाळी आडोशाची वाटलेली जागा पहाटे उघडी पडते. जोराचा वारा अपेक्षित असेल तर गाडीचं नाक वाऱ्याकडे करा. अंगावर वारा घेतलेली उंच गाडी रात्रभर डुलत राहते. दार उघडताना एका हाताने ते घट्ट धरा. आइसलँडमध्ये वाऱ्याने दार उलटं फिरून बिजागरी वाकणं ही नेहमीची तक्रार आहे आणि साध्या विम्यात ते सहसा धरत नाहीत. मांडव उघडा टाकून फिरायला जाऊ नका, झोपताना तो गुंडाळा. उंच पुलांवर वाऱ्याचा इशारा असेल तर वाट बघा.

थंड रात्री काचा आतून घामेजतात, गाद्यांची खालची बाजू ओलसर होते. छताची खिडकी बोटभर उघडी ठेवून झोपायचं आणि सकाळी गादी उभी करायची, एवढ्याने भागतं.

निघताना फेरी

रोज सकाळी किल्ली फिरवण्याआधी एकाच माणसाने, त्याच क्रमाने फेरी मारायची. बाहेरून: विजेची वायर काढली, पायरी आत, मांडव बंद, ठोकळे उचलले, सगळी टोपणं लागली. आतून: छताच्या खिडक्या बंद, गॅस बंद, कपाटं आणि फ्रिजची कडी लावलेली, ओट्यावर काही सुटं नाही. काम वाटून घेतलं की ‘मला वाटलं तू केलंस’ होतं आणि मग पहिल्याच वळणावर ड्रॉवर उघडतो किंवा वायर खांबासकट ओढली जाते. टायर थंड असताना दर दोन-तीन दिवसांनी हवा तपासा, आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो.

परत करण्याच्या आदल्या रात्री डेपोपासून तासाभराच्या अंतरावर, पूर्ण सोयींच्या कॅम्पसाइटवर मुक्काम ठेवा. तिथे दोन्ही टाक्या रिकाम्या करून घ्या, कॅसेट धुवा, आतून झाडून काढा. मळकी कॅसेट परत केली तर जवळपास सगळीकडे वेगळा आकार पडतो. गाडी स्वतःची असेल तर गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः पोट, चाकांच्या कमानी आणि ब्रेकच्या आसपास, कारण मीठ तिथेच साचून लोखंड खातं. भाड्याची असेल तर डिझेल भरल्याची पावती जपा, ताबा देताना पुन्हा तेच चारही बाजूंचे फोटो काढा आणि ‘नुकसान नाही’ असं लिहून घेतल्याशिवाय किल्ली हातातून सोडू नका.